शून्य बिलाचा हिशेब

भर दुपारी वीज गेली की छतावर सौर पॅनल असलेल्या घरातलाही पंखा थांबतो. डोक्यावर रणरणतं ऊन आणि घरात घामाच्या धारा, म्हणून घरमालक चिडतो. पण तसं व्हायलाच हवं. पुरवठा गेल्याचं कळताच इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. नाहीतर लाइन बंद आहे असं धरून खांबावर चढलेल्या वायरमनला कुणाच्या तरी छतावरची वीज बसायची. बॅटरी नसेल तर छतावरची वीज ग्रिडच्याच जिवावर चालते.

पॅनल विकणारा हे सहसा सांगत नाही. २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, बिल शून्य होतं, एवढं तो सांगतो. बिल शून्य होतं ते नेट मीटरिंगमुळे. दुपारी माणसं कामावर गेलेली असताना युनिट बाहेर जातात, संध्याकाळी दिवे आणि एसी लागले की परत येतात, आणि महिनाअखेर वजाबाकी होते. विजेला ही वजाबाकी ठाऊक नसते. दुपारची वीज त्याच क्षणी शेजारच्या दुकानात खर्च झालेली असते. संध्याकाळची कोळशावर किंवा कोयनेच्या पाण्यावर नव्याने तयार करावी लागते. (तरी सोसायटीच्या सभेत वीज कंपनीच्या नावाने खडे फोडण्यात सोलरवालेच पुढे!)

आता बिलावरची 'वहन आकार' ही ओळ पाहा. हा आकार युनिटमागे लागतो, म्हणजे निव्वळ युनिट शून्य तर तोही शून्य. उरतो स्थिर आकार. तारा, रोहित्र, वायरमनचा पगार यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. तो सरकत सरकत ज्याच्या वाट्याला छतच नाही, त्या भाडेकरूच्या दरात शिरतो. मला हे टोचतं. अर्थात गल्लीत तयार झालेली वीज गल्लीतच वापरली गेली तर वहनातली गळती वाचते, तेव्हा सोलरवाल्यावर सरसकट दंड बसवणं हेही शहाणपणाचं नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियात छतांवरची वीज इतकी वाढली, की २०२० पासून नवी यंत्रणा दुरून बंद करता येईल अशीच बसवावी लागते. आपण अजून तिथवर पोचलेलो नाही, तोवर वेळेचा हिशेब शिकून घ्यावा. सोसायटीचा पाण्याचा पंप पहाटे पाचला लावा की दुपारी बाराला, नुसत्या वजाबाकीच्या हिशेबात बिल तेवढंच येतं; मग वेळ बदलायची तसदी कोण घेणार? दुपारचं युनिट स्वस्त आणि संध्याकाळचं महाग झालं, तर हाच विषय पुढच्या सभेत सेक्रेटरी स्वतःहून काढेल. टाकी दुपारी भरायची, एवढाच तर ठराव करायचा आहे.