चाल कोणाची?

दुसऱ्यांनी वाजवलेले तुकडे जोडून मी एक गाणं तयार केलं, तर ते गाणं माझं म्हणावं का? वरवर पाहता हा प्रश्न शनिवार-रविवारी कॉम्प्युटरपुढे विरंगुळा शोधणाऱ्या हौशी मंडळींचा वाटेल. पण जरा खोलात गेलं की तो 'माझं' या शब्दापाशीच येऊन ठेपतो, आणि तिथून आपल्यापैकी कोणाचीच सुटका नाही.

'रीमिक्स' म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी उमटते. १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातलं, राहुल देव बर्मन यांनी संगीत दिलेलं लताबाईंचं 'कांटा लगा' २००२ मध्ये नव्या ठेक्यावर, नव्या आवाजात आलं, तेव्हा घरोघरी वाद झाले. तो वाद मुख्यतः अभिरुचीचा होता. मला मात्र त्यातला ऋणाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. रीमिक्स कितीही सुरेख झालं, तरी हा प्रश्न शिल्लक राहतोच.

१९९८ मध्ये 'ॲसिड' नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि २००४ मध्ये ॲपलचं 'गॅरेजबँड'. दोन्हींमागची कल्पना एकच. कुणा वादकाने वाजवलेला छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो, म्हणून तो 'लूप'. तुम्ही लय वाढवली की सॉफ्टवेअर तो तुकडा आवळून घेतं, पट्टी बदलली की सूर सरकवतं. ड्रम्सवर बास, बासवर गिटार, असे थर रचत जायचे. ज्याला एकही वाद्य येत नाही, असा माणूससुद्धा तासाभरात ऐकण्याजोगं काहीतरी उभं करू शकतो.

मग स्पर्धा आल्या. २००८ मध्ये 'रेडिओहेड' या इंग्लिश बँडने आपल्या 'न्यूड' या गाण्याचे आवाज, गिटार, बास, ड्रम्स असे पाच सुटे भाग विकायला ठेवले आणि श्रोत्यांना रीमिक्स करून पाठवायचं आवाहन केलं. मास्टर्स संपवून मी नुकता अमेरिकेत नोकरीला लागलो होतो. त्याच सुमारास मीही अशाच एका लहानशा स्पर्धेत उतरलो. गायिकेचा आवाज आयोजकांनी दिलेला, बाकीचं सगळं आपण रचायचं. लूपच्या एका संग्रहात मला तबल्याचा ठेका सापडला. साधा केरवाच, पण समेवर येण्याआधी वादकाने किंचित ओढ घेतली होती. ती जागा माझ्या गाण्याचा जीव ठरली. संग्रहात वादकाचं नाव नव्हतं, होता तो फक्त फाइलचा क्रमांक.

प्रवेशिका भरताना वर्णनाच्या रकान्यात मी 'तबला : अज्ञात वादक, लूप-संग्रहातून' अशी ओळ घातली. माझा रूममेट म्हणाला, "अरे, हे लिहिलंस तर तुझं काय उरलं?" ओळ मी तशीच ठेवली. बक्षीस काही मिळालं नाही. पण ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांनी नेमकी त्या ओढीलाच दाद दिली, आणि ती मला दिली! रूममेटचा प्रश्न मात्र इतक्या वर्षांनीही माझ्या मनात घोळतो आहे.

कायद्याच्या दृष्टीने माझी बाजू भक्कम होती. असे लूप 'रॉयल्टी-फ्री' असतात. एकदा संग्रह विकत घेतला की कितीही वेळा वापरा, कुणी विचारणार नाही. पण पैसे चुकते केले म्हणजे ऋण फिटलं का?

अमेरिकेतल्या ग्रेगरी कोलमनची गोष्ट इथे सांगायला हवी. १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स' या बँडच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात त्याने सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम्स वाजवले. पुढे सॅम्पलर यंत्रं आली आणि तेवढ्या तुकड्यावर हिप-हॉपपासून ड्रम अँड बासपर्यंत हजारो गाणी उभी राहिली. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला. त्या तुकड्याची रॉयल्टी त्याला कधीच मिळाली नाही. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. वर्गणी देणाऱ्यांवर कायद्याची कसलीही सक्ती नव्हती. पण त्यांना देता आलं, कारण नाव माहीत होतं. माझ्या तबलजीचं ऋण मी उद्या फेडायचं म्हटलं, तरी ते नेऊन देऊ कोणाला?

कुणी म्हणेल, घर बांधणाऱ्या गवंड्याचं नाव आपण दारावर लावतो का? मजुरी दिली, विषय संपला. मुद्दा बिनतोड वाटतो. पण दारावरची पाटी घर कोणाचं आहे एवढंच सांगते, भिंत कोणी रचली याबद्दल ती काही दावा करत नाही. स्पर्धेत मात्र 'हे कोणी केलं?' हाच प्रश्न असतो. तिथे फक्त माझं नाव लिहिणं म्हणजे गवंड्याची दाद मालकाने घेणं.

माझ्या व्यवसायात हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला गेला आहे. आम्ही आयटीवाले दुसऱ्यांनी लिहिलेला कोड रोज वापरतो. 'एमआयटी लायसन्स'चंच पाहा. कोड फुकट घ्या, बदला, विका, पण मूळ लेखकाच्या नावाची सूचना काढू नका. 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चा अनुभव तर याहून बोलका आहे. आपली निर्मिती लोकांना मोफत वापरू देण्यासाठी त्यांनी २००२ मध्ये परवाने काढले. 'माझं नाव द्या' ही अट तेव्हा ऐच्छिक होती. पण जवळजवळ सगळेच ती निवडत, म्हणून २००४ च्या आवृत्तीत नाव नको असलेले परवानेच त्यांनी काढून टाकले. पैसे सोडायला तयार असलेली माणसंसुद्धा नाव सोडायला तयार नव्हती. यात मला अहंकार दिसत नाही. 'हे मी केलं, मी होतो,' एवढंच ती सांगत असतात.

आणि हे काही आपल्याला परकं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' आणि १८८२ मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणलं. त्यातल्या कितीतरी पदांच्या चाली आधीच्या प्रचलित गाण्यांवरून घेतलेल्या आहेत. नाटकाची जुनी छापील प्रत उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढे मूळ गाण्याचे शब्द दिलेले आढळतील. उसनवारी उघड सांगूनही किर्लोस्करांचं काही कमी झालं नाही. उलट, रसिकाला दोन्ही गाणी शेजारी ठेवून त्यांनी काय नवं केलं ते पारखता आलं.

रूममेटच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं. हार गुंफणारा फुलं घडवत नाही, तरी गुंफण त्याचीच असते. शेकडो तुकड्यांतून तोच तबला वेचणं, तो नेमक्या ओळीखाली ठेवणं, एके ठिकाणी त्याला गप्प बसवणं, हे माझं होतं, आणि ते माझं म्हणायला मला संकोच नाही. दुसऱ्याचा वाटा बाजूला काढल्यावर जे उरतं, तेच आपलं. ते थोडं असेल, पण खरं असतं. आणि जो आपला वाटा कधी मोजूच देत नाही, त्याला स्वतःलाही तो किती आहे ते कळत नाही.

जाता जाता मंडळातल्या मित्रमैत्रिणींना एक सुचवावंसं वाटतं. आपल्या कार्यक्रमांत आता बहुतेक गाणी करिओके ट्रॅकवर होतात. निवेदक गाणाऱ्याचं नाव सांगतो, टाळ्या पडतात. त्याच वेळी गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक यांची नावंही सांगावीत. ट्रॅकवर वाजवणाऱ्यांची नावं मिळाली तर तीही. एका गाण्यामागे फार तर पंधरा सेकंद जातील. बटाटेवडे तेवढ्यात काही गार होत नाहीत!