तुटलेली वंशावळ

आपल्या पूर्वजांचा शोध करणे हा छंद ख्रिस्ती मनुष्यास शोभतो काय? प्रेषित पौल तीमथ्याला कळवितो की, अनंत वंशावळ्यांच्या नादी लोकांना लागू देऊ नये. उलटपक्षी नव्या कराराचे पहिलेच पान वंशावळीने भरलेले आहे. ह्या दोहोंत विरोध दिसतो खरा. पण शोध मध्येच तुटतो, तेव्हा ह्या कोड्याचा उलगडा होऊ लागतो.

वाटूरसारख्या गावातील एखाद्या बंधूची कल्पना करा. आपल्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कोणी घेतला, हे शोधण्यास तो निघतो. रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांनी १८४३ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला व पुढे जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. त्यांच्या काळापर्यंत पोहोचावे अशी ह्या बंधूची उमेद असते. परंतु वाट बिकट. परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात. सबब सरकारी दप्तर उर्दूत, त्यापूर्वीचे फारशीत, व जुनी मराठी टिपणे मोडीत. जालन्याचे मिशनही १९०० पर्यंत स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, मग १९२९ पर्यंत युनायटेड फ्री चर्चचे, आणि त्यानंतर चर्च ऑफ स्कॉटलंडचे. इतके हिंडून अखेर जुने रजिस्टर हाती येते, तो नेमकी हवी ती पाने वाळवीने खाल्लेली! बंधू निराश होऊन आपली वही मिटतो, व वर्षे लोटतात.

त्याने ती पुन्हा उघडावी काय? तो काय शोधीत होता, त्यावर हे अवलंबून आहे. कुळाचा मोठेपणा शोधीत असेल, तर वही मिटलेलीच बरी. पौलाचा इशारा अशांसाठीच आहे. मत्तयाने दिलेल्या वंशावळीत तामार आहे, राहाब आहे, मवाबी रूथ आहे, उरीयाची बायकोही आहे. ती यादी मिरविण्याकरिता लिहिलेली नव्हे. परंतु ज्याने भाऊबंदांचा रोष सोसून प्रभूच्या मार्गात पहिले पाऊल टाकले, त्याचे ऋण स्मरावे, एवढाच हेतू असेल, तर ते ऋण वाळवीने खाल्ले जात नाही.

एज्राच्या दुसऱ्या अध्यायात ह्याचे उत्तम उदाहरण आहे. बाबेलहून परतलेल्या तीन याजक घराण्यांनी आपली वंशावळ शोधली. ती सापडली नाही. कोणी त्यांच्याकरिता खोटी नोंद रचली नाही. त्यांना याजकपणापासून दूर ठेवण्यात आले. तथापि परतलेल्या लोकांतून त्यांना वगळण्यात आले नाही. ज्यांची नोंद हरवली, त्यांची नावे शास्त्रात आजही वाचावयास मिळतात!

विल्यम केरी ह्यांचे उदाहरणही स्मरणीय आहे. त्यांनी १८१० साली मराठी शब्दकोश मोडी अक्षरांत छापला. पुढे ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागून त्यांच्या अनेक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते जळाली. तरी त्यांनी तेच काम पुनः आरंभिले.

म्हणून, बंधुभगिनींनो, आरंभ पुन्हा करा. मात्र ह्या वेळी जिवंत माणसांपासून करा. वाळवीने खाल्लेले पान परत येणार नाही. पण घरातील आजी आज बोलू शकते, उद्याचे कोणास ठाऊक? तिला तिच्या आईचे नाव, माहेर, दुष्काळात सोडलेले गाव, हे विचारा. कोणी सांगितले व कधी, तेही लिहा. शाळेचे दाखले, सातबारा, कबरीवरील अक्षरे पडताळून पाहा. वहीची एक प्रत मंडळीच्या पेटीत ठेवा.

आणि जेथे काही कळत नाही, तेथे जागा कोरी सोडा. तर्काने घातलेले नाव ही मृतांविषयी दिलेली खोटी साक्ष होय. तीस उत्तर द्यावयास ते येऊ शकत नाहीत. कोऱ्या जागेची लाज बाळगण्याचे कारण नाही. आपणांस ठाऊक नसलेली नावे प्रभूस ठाऊक आहेत, आणि त्याच्या जीवनाच्या पुस्तकास वाळवी लागत नाही.