छप्पर आणि रान

भीमाशंकरला एप्रिलातही वारा गार असतो आणि माणूस तिथेच फसतो. उकडत नाही म्हणून टोपी पिशवीतच राहते. घरी परतल्यावर मान आणि नाकाचा शेंडा हुळहुळायला लागतो. त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी, आणि ते अंगाला जाणवत नाहीत. हजार मीटर उंचीवर हे किरण समुद्रसपाटीपेक्षा साधारण १० टक्क्यांनी जास्त असतात. डोंगर चढून आपण सूर्याजवळ गेलो म्हणून नव्हे; त्यांना विखुरणारी हवा आणि धूळ तेवढी खाली राहिली म्हणून.

हे किरण अडवणारा ओझोनचा थर याच्याही कितीतरी वर, १५ ते ३५ किलोमीटरवर. आपल्या अक्षांशांवर तो मुळातच विरळ. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणला, तर जाडी जेमतेम अडीच-पावणेतीन मिलिमीटर भरेल. बरं, हा साठवून ठेवलेला मालही नव्हे. अतिनील किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतात, सुटा अणू दुसऱ्या रेणूला चिकटून ओझोन होतो, तो किरण शोषताना फुटतो, पुन्हा जुळतो. सिडनी चॅपमन यांनी १९३० मध्ये हा हिशेब मांडला. अतिनील किरणांपैकी यूव्ही-सी खाली पोहोचतच नाही, यूव्ही-बी बहुतेक अडतो, यूव्ही-ए मात्र बराचसा उतरतो. उरलेल्याचा बंदोबस्त झाडं स्वतःच करतात: जांभळाच्या, अंजनीच्या पानांत वरच्या पेशींमधली फ्लेव्होनॉइड रसायनं हे किरण टिपून घेतात.

मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन घटत असल्याचं जाहीर केलं. भीमाशंकरचं रान अभयारण्य झालं तेही १९८५ मध्येच, शेकरूसाठी. योगायोगच, पण मला तो बोलका वाटतो. ओझोनसाठी दोन वर्षांत माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला आणि २०१० पर्यंत आपल्याकडचं फ्रिजमधल्या, ओझोन फोडणाऱ्या सीएफसी वायूंचं उत्पादन थांबलं. हे जमलं, कारण दोषी वायू मोजके होते, पर्याय हाताशी होते आणि विकसनशील देशांतले कारखाने बदलण्याच्या खर्चासाठी १९९० मध्येच आंतरराष्ट्रीय निधी उभा राहिला. शिवाय ओझोनच्या थरात कुणाचं घर नव्हतं.

रानात होतं. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळ्यांच्या अंगणात बाळहिरडा वाळत पडलेला दिसतो. वर्षाची रोकड बऱ्याच अंशी त्याच्यावर. अभयारण्याची हद्द आखली गेली ती याच माणसांच्या पायवाटांवरून. गौण वनोपज गोळा करण्याच्या त्यांच्या हक्काला कायद्यात स्पष्ट जागा मिळाली ती २००६ च्या वनहक्क कायद्यानं, म्हणजे २१ वर्षांनी. ओझोन वाचवताना फ्रिजवाल्याला कुणी फ्रिज सोडायला सांगितलं नाही, आतला वायू बदलून दिला. हिरडा वेचणाऱ्या बाईसमोर असा पर्याय कुणी ठेवला होता?