मलिद्यातला गूळ

सोनईत गाळप सुरू झालं की मळीचा आंबूस-गोड वास वारा नेईल तिकडे गावभर फिरतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात, गावाला त्याचं काही वाटत नाही. मुळा सहकारी साखर कारखान्याच्या जोरावर इथल्या दोन पिढ्या शिकल्या, पत्र्याच्या घरांचे बंगले झाले, पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला लागली. साखरेवर उभ्या राहिलेल्या या गावात हल्ली दर चार घरांत एका घरी साखरेची गोळी सुरू असते, असं म्हटलं तर कुणी हरकत घेणार नाही. आणि अशाच घरांत थंडीच्या दिवसांत एक छोटा वाद झडतो: नातवंडांसाठी मलिदा करायचा, तर त्यात गूळ किती घालायचा?

ज्यांनी लहानपणी बाजरीचा मलिदा खाल्लाय त्यांना तो समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. भाकरी तव्यावरून उतरली की वाफ जिरायच्या आत परातीत कुस्करायची. बोटं भाजतात, पण गार झालेली बाजरीची भाकरी नीट कुस्करली जात नाही, तिचे खडे राहतात. त्यात चिरलेला गूळ, वर तूप. मग तळहाताने मळायचं, गूळ भाकरीच्या उबेने विरघळेपर्यंत. शेवटी मूठ वळली की लाडू, नाही वळली तर वाटीत. ताप उतरलेल्या पोराला, परीक्षेहून आलेल्या मुलीला, रुसून बसलेल्या कुणालाही हा द्यायचा. आमच्याकडे औषधापेक्षा याच्यावर विश्वास जास्त.

तेव्हाचा मलिदा वाईट नव्हता, हे आधी मान्य करू. मुळा धरणाचं पाणी उजव्या कालव्याने नेवाशाकडे यायच्या आधी हा सगळा पट्टा बाजरी, मठ, हुलग्याचा. 1972च्या दुष्काळात कामावर मिळालेली सुकडी आठवणारी माणसं अजून पारावर भेटतात. त्या दिवसांत गूळ डब्यात असायचा, पण डबा फडताळात वर ठेवलेला असायचा. सण, आजारपण, बाळंतपण, नाहीतर कुणी जावई आला तरच तो खाली उतरे. खाणारं पोर दोन मैल चालत शाळेत जाई आणि आल्यावर शेरडं हाके. असा मलिदा त्याला पचून वर भूक राही.

आज परातीतला मलिदा तोच आहे. त्याच्या भोवतीचं खाणं बदललं. सकाळी चहा-बिस्किट, शाळेच्या डब्यात जॅम-पोळी, संध्याकाळी थंड पेयाची बाटली, रात्री कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आणि या सगळ्यावर आजीचा मलिदा. देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचा आकडा 2023 साली आला, तेव्हा शहरांबद्दल कुणाला नवल वाटलं नाही. खेड्यांनी मात्र तो आकडा आपला मानला नाही, अजूनही मानत नाहीत.

मग सुरू होतो सुधारित मलिदा. साखर वाईट म्हणून गूळ. साधा गूळ वाईट म्हणून सेंद्रिय गूळ. तोही नको म्हणून खजूर. बाजरीऐवजी ओट्स, तुपाऐवजी पीनट बटर. फोनवर रोज एक नवी कृती येते आणि प्रत्येकीच्या नावात 'हेल्दी' हा शब्द असतो. तो शब्द एकदा चिकटला की हात सैल सुटतो. ज्या घरात एक लाडू मिळायचा तिथे तीन मिळतात, कारण ते 'चालतात'.

इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. उसाच्या गावात तरी गुळाबद्दल गोड गैरसमज नसावा. कढईत आटवलेला रस आणि कारखान्यात दाणेदार केलेला रस, दोन्ही त्याच उसाचे. गुळाच्या ढेपेतला फार मोठा भाग साखरच असते. थोडं लोह, थोडी खनिजं जास्त असतात हे खरं. पण त्यातून शरीराला उपयोगी पडेल इतकं लोह मिळवायचं म्हटलं, तर जेवढा गूळ खावा लागेल त्यानेच दुसरं दुखणं घरात येईल. मधुमेह्याच्या रक्ताला गूळ सेंद्रिय होता की नव्हता, हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी, जमल्यास पाच टक्क्यांच्या आत. मोठ्या माणसाला हे पाच टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम. लिंबाएवढा गुळाचा खडा काट्यावर ठेवून पाहा, एका खड्यात दिवसाचा हिशेब संपतो. आणि गोडीच्या गोळ्या-थेंब घालून सुटका होईल असं वाटत असेल, तर वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नका, असं त्याच संघटनेने 2023 साली सांगून ठेवलं आहे.

म्हणजे प्रश्न पदार्थापेक्षा आपल्या खरेपणाचा जास्त आहे. गूळ घालायचाच असेल तर गोड म्हणून घाला, थोडा घाला, आणि पोरांना सांगा की हे गोड आहे. त्याला औषधाचं नाव देऊन वाढलं की पोर मोठं होऊन तेच करतं. स्वतःला हवं ते खातं आणि त्याला पौष्टिक म्हणतं.

चांगला मलिदा करता येतो, आणि त्यासाठी दुकानात जावं लागत नाही. गूळ निम्मा करा. भाजलेले तीळ आणि शेंगदाण्याचं जाडसर कूट वाढवा, म्हणजे दाताखाली काहीतरी येतं आणि गोडी कमी पडल्याचं जाणवत नाही. चिमूटभर मीठ विसरू नका. मिठाने गुळाची चव वर येते. थोडी सुंठ. तूप मात्र घाला, तुपाशिवाय मलिदा म्हणजे घशात अडकणारा भुसा. खरी करामत पिठात आहे. बाजरीत स्निग्धांश बराच, म्हणून तिचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं, आणि हा कडवटपणा झाकायलाच अनेक घरांत गूळ वाढत जातो. दळण थोडं आणि ताजं आणलं की निम्मा गूळ आपोआप वाचतो. शेजारच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर काढलेलं 'धनशक्ती' हे जास्त लोहाचं बाजरीचं वाण 2012 सालीच महाराष्ट्रात आलं. त्याच्या किलोभर धान्यात सत्तर मिलिग्रॅमच्या घरात लोह असतं. लोह हवं असेल तर ते भाकरीत शोधावं. सोबत पेरूची फोड द्यावी, आणि लगेच वर चहा पाजू नये, कारण चहाने ते लोह नीट अंगी लागत नाही.

इतकं झालं की विषय संपायला हवा, पण संपत नाही. आपलं गाव नेवासे तालुक्यातलं. ज्ञानेश्वरांनी 1290 साली ज्या गीतेवर इथे भाष्य सांगितलं, तिच्या सहाव्या अध्यायात खाण्याचा विचार आहे: अति खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. आपण पहिला अर्धा भाग सोयीने पाठ केला. दुसरा अर्धा भाग दिवाळीच्या आगेमागे ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून, बैलगाड्यांतून आपल्या शिवारात उतरतो.

बीडकडच्या, पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन येतात आणि थळावर कोप्या पडतात. पहाटे अंधारात बाई भाकरी थापते, फडक्यात बांधते आणि कोयता घेऊन निघते. पोर मागे राहिलं तर कोपीत, नाहीतर फडात पाचटावर. त्याच्या जेवणात भाकरी आणि ठेचा, गोड म्हणून उसाचं कांडं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरांतली जवळजवळ 69 मुलं रक्ताने कमी निघाली. ही सगळी काही ऊसतोडीची मुलं नव्हेत, तुमच्या-माझ्या घरातलीही त्यात आहेत. पण फडातल्या पोराला आजीचा जुना मलिदा, भरपूर तुपाचा आणि शेंगदाण्याचा, अगदी योग्य अन्न आहे. त्याचा गूळ काढून त्याला काही मिळणार नाही. आपल्या नातवाला जे जास्त होतं ते बांधापलीकडच्या पोराला कमी पडतं, आणि दोघांच्या मध्ये आपलाच ऊस उभा आहे.

म्हणून आरोग्यदायी मलिदा कोणता, याचं एक उत्तर देता येत नाही. आधी कुणासाठी, ते विचारावं लागतं. मोबाइलवरच्या कृती हा प्रश्न विचारत नाहीत, कारण ज्यांच्यासाठी त्या लिहिलेल्या असतात त्या सगळ्यांचं पोट भरलेलं असतं. एका घरातल्या आजींना मी असं म्हटल्यावर त्या हसून म्हणाल्या, 'अहो, आमच्या वेळी पाव्हणा बघूनच तूप वाढायचे.' त्यात थोडा टोमणाही होता, पण मुद्दा नेमका होता.

या हंगामात दोन गोष्टी करा. घरातला गूळ निम्मा करा, आणि त्याला पौष्टिक म्हणणं थांबवा. तुमच्या फडात टोळी उतरली असेल, तर तिच्यातली सहा वर्षांखालची पोरं किती ते मुकादमाला विचारा आणि त्यांच्या आयांबरोबर गावातल्या अंगणवाडीत जाऊन नावं घालून या. तिथला आहार जिथे असतील तिथे मिळणं हा त्या पोरांचा हक्क आहे. अनोळखी गावात तो मागायला त्या आया कचरतात, तुम्ही सोबत असाल तर कचरणार नाहीत. जाताना डबा न्यायचा असेल तर जरूर न्या. त्या डब्यातला गूळ मात्र कमी करू नका.