नाकारलेल्याचा मान

प्रेमयाचनेला नकार मिळाल्यावर माणूस जे जपू पाहतो ते म्हणजे आपला मान, इतरांच्या नजरेतील स्वतःची प्रतिमा. आणि या मानाची हाव नसणे, म्हणजेच 'अमानित्व', गीतेच्या १३व्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये पहिले सांगितले असल्यामुळे नकारावरील विनोदी कविता हा धर्मविचाराचाही विषय ठरतो. आपल्या फजितीवर हसणारा मान सोडतो, की हसण्याच्या आडून तोच वाचवतो?

अल्लमप्रभूंच्या, म्हणजे परंपरेनुसार कल्याणच्या अनुभवमंटप या धर्मचर्चेच्या सभेचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या १२व्या शतकातील शरणांच्या (शिवभक्त संतांच्या), चरित्रांत हा प्रश्न अनपेक्षित रूपाने भेटतो. हरिहर या कन्नड कवीने 'रगळे' या कथनपर पद्यप्रकारात सांगितलेल्या कथेत अल्लम कमलतेवर जीव लावतो, ती तापाने मरण पावते, आणि शोकाने भ्रमिष्ट होऊन भटकताना त्याला अनिमिष या योग्याच्या हातातील लिंग लाभते. १५व्या शतकातील चामरसाच्या 'प्रभुलिंगलीले'त मात्र हा शोक उरतच नाही. तेथे ममकार, म्हणजे माझेपणा, हे नाव धारण करणाऱ्या राजाची कन्या माया हीच मद्दळे हे तालवाद्य वाजवणाऱ्या अल्लमावर भाळते आणि तो तिच्या मिठीत सापडत नाही. वैराग्याचे रूपक म्हणून ही कथा सरस आहे, यात शंका नाही. तरीही प्रेमात खचलेला पुरुष गुरुपदी शोभणार नाही या संकोचातून प्रेमात हरण्याची बाजूच येथे पालटली असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही. हरिहराचा अल्लम अधिक थोर वाटतो, कारण त्याचे ज्ञान त्याचे दुःख लपवत नाही.

या कसोटीवर आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेली 'प्रेमाचा गुलकंद' ही 'झेंडूची फुले' या विडंबनसंग्रहातील कविता पाहण्यासारखी आहे. विडंबन म्हणजे गंभीर काव्याचा थाट उचलून त्यातील पोकळपणा हास्याने उघडा करणे. या कवितेतील प्रेमिक महिनोन्‌महिने गुलाब देत राहतो, शेवटी उत्तर मागतो, आणि ती त्याच फुलांच्या गुलकंदाची बरणी पुढे करते. क्षणभर हादरलेला तो प्रेम हाती लागले नाही तरी गुलकंद का सोडावा, असा हिशेब करून बरणी घेऊन घरी येतो. हा हिशेब अमानित्व नव्हे, कारण त्यात खर्च वसूल केल्याचे समाधान आहे. परंतु तिला निष्ठुर ठरवून, किंवा आपल्याला ती नकोच होती असे सांगून, तो आपली बाजू सावरत नाही. मायेला नाकारणाऱ्या अल्लमापेक्षा कमलतेसाठी वेडावलेल्या अल्लमाशी या हास्यास्पद प्रेमिकाचे नाते जवळचे आहे : दोघांचीही हार वाचकासमोर उघडी राहते, फक्त एकाला तिच्यातून लिंग लाभते आणि दुसऱ्याला बरणी.