टेक्का सेंटरमधलं टेबल

सिंगापूरच्या लिटल इंडियात टेक्का सेंटर आहे. एकाच छपराखाली मासळी, मटण, भाजी आणि शिजवलेल्या अन्नाचे गाळे. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, केळीची पानं बघून आपल्याला गावच्या मंडईत आल्यासारखं वाटतं. पलीकडे तमिळ मुसलमानाची बिर्याणी आणि चिनी बदक-भात.

अशा ठिकाणी ‘विविधतेत एकता’ हे शब्द आपसूक जिभेवर येतात. मला तिथं जास्त जाणवला तो वेगळेपणा, तोही डोळ्यांत तेल घालून जपलेला. उष्टी ताटं ठेवायला दोन कप्पे: हलाल आणि बिगर-हलाल. डुकराचं मांस वाढलेला वाडगा मुसलमानाच्या ताटात जाता कामा नये. आजीच्या सोवळ्याची आठवण व्हावी इतकं हे कडक आहे.

टेबल मात्र सामाईक. बिर्याणीवाल्यासमोर बदकवाला खुशाल बसतो. आपली पंगत पदार्थावरून मोडत नसे. पानात तोच भात, तेच वरण. तरी शेजारी कोण, यावरून ती मोडायची. म्हणून तर सुधारकांना मुद्दाम सहभोजनं घालावी लागली. टेक्कात ‘नको’ म्हणतात ते पदार्थाला. समोरच्या माणसाला उठवत नाहीत.

यात फार माया शोधू नये. 1971 ते 1986 या काळात सरकारनं रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना नळ आणि गटारांची सोय असलेल्या अशा केंद्रांत हलवलं, ते मुख्यतः स्वच्छतेसाठी. 2020 मध्ये युनेस्कोनं या फेरीवाला-केंद्रांच्या संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा सलोख्याचं कौतुक झालं. नळाचं कोण करतो! 2021 पासून आपलं ताट आपण उचललं नाही तर दंडही होऊ शकतो. टेबलावर गप्पाही फारशा होत नाहीत. रिकाम्या खुर्चीकडे बघून मानेनं विचारायचं, बसायचं, मोबाइलमध्ये डोकं घालून जेवायचं. शेजाराला एवढी ओळख पुरते, असं माझं मत.

मुंबईत आजही ‘मांसाहारी नको’ म्हणून भाड्याचं घर नाकारतात. स्वयंपाकघर ज्याचं त्याचं, भांडी ज्याची त्याची, उष्ट्याखरकट्याचा प्रश्नच येत नाही. तिथं पदार्थाचं नाव पुढे करून माणसालाच दाराबाहेर ठेवलेलं असतं, आणि बहुतेकदा त्याचं आडनाव ऐकून हे आधीच ठरलेलं असतं.