पाटाचे पाणी

शास्त्रपाठ : स्तोत्र १, यशया ४०:३-५, इब्री १०:१९-२४



काही कामानिमित्त अहमदाबादेस जाण्याचा योग आला, तेव्हा माझी पत्नी बरोबर होती. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे दोन वर्षांपासून तिचे घराबाहेर पडणे मंदिर आणि दवाखाना एवढ्यापुरतेच उरले होते. रविवारची उपासना आटोपल्यावर यजमानांनी आम्हांला साबरमतीच्या काठी नेले. नेहरू पुलाजवळ, पूर्वेच्या तीरावर, त्यांच्या आधाराने ती खाली उतरली आणि आम्ही एलिस पुलाच्या दिशेने चालू लागलो.

पाण्याच्या अगदी लगतची ती वाट रुंद आणि सपाट आहे. ती पुलांच्या खालून जाते, म्हणून कोठे रहदारीचा रस्ता ओलांडावा लागत नाही. थोडे अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आले, की पत्नीने काठी टेकण्याऐवजी काखेत धरली आहे. ती म्हणाली, “अहो, मला वाटलं होतं, माझं चालणं आता संपलं.” मी मनोमन परमेश्वराचे आभार मानले.

परंतु उपदेशकाचे मन मोठे विचित्र! लगेच शंका आली : सोपी वाट ही काय आभार मानण्याची गोष्ट आहे? प्रभूने तर रुंद मार्गाविषयी सावध केले आहे. मत्तयाच्या सातव्या अध्यायात जीवनाकडे नेणाऱ्या मार्गाचे वर्णन करण्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, तो ‘क्लेश’ या अर्थाच्या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. तो मार्ग दाटलेला, दबलेला आहे. मग सोपेपणाचा आनंद आपण कोणत्या तोंडाने मानावा?

या प्रश्नाचे उत्तर मला प्रथम त्या पाण्याने दिले. साबरमती अरवलीच्या डोंगरात उगम पावणारी, पावसावर जगणारी नदी. पूर्वी पावसाळा सरला, की शहरातील तिचे पात्र बहुतांशी वाळूचेच असे. त्यात भाजीपाला पिके, सर्कशीचे तंबूही पडत. आज ते बारमाही भरलेले दिसते, ते पाणी मुख्यतः नर्मदेचे आहे. शहराच्या उत्तरेस नर्मदेचा मुख्य कालवा साबरमतीला ओलांडतो. तेथून ते नदीत सोडले जाते आणि खाली वासणा येथील बंधाऱ्याने अडवून धरले जाते. शहरातील पात्र भरलेले आहे, पण त्यातले पाणी तिच्या स्वतःच्या उगमाचे नाही.

मला पहिले स्तोत्र आठवले. तेथील धन्य मनुष्य पाण्याजवळच्या झाडासारखा आहे. या पाण्यासाठी स्तोत्रकर्त्याने योजलेला इब्री शब्द ‘विभागणे’ या धातूपासून आला आहे. आपोआप वाहणारी नदी नव्हे, तर जमीन चिरून आणलेला प्रवाह, असा त्याचा भाव होतो. भाषांतराच्या मेजावर ‘प्रवाह’ हा शब्द शोभतो; पण आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचा ‘पाट’ हा शब्द त्या मुळाच्या अधिक जवळ आहे. आणि ते झाडही रानात आपोआप उगवलेले नाही. ते कोणीतरी तेथे लावलेले आहे. पाटाचे पाणी पिणाऱ्या झाडाला आपल्या हिरवेपणाचा गर्व कसा करता येईल? कोणीतरी पाट खणला. कोणीतरी रात्री थंडीत उभे राहून दारे धरली. म्हणून त्याची पाने कोमेजली नाहीत. बंधुभगिनींनो, ज्याला आपण आपली नीतिमत्ता म्हणतो, ते सर्व पाटाचेच पाणी आहे.

एलिस पुलाजवळ आम्ही वर आलो. तेथे दर रविवारी गुजरी बाजार भरतो. जुनी भांडी मांडून बसलेल्या एका वृद्ध स्त्रीने माझ्या पत्नीला टेकायला जागा करून दिली व प्यायला पाणी दिले. बोलता बोलता ती म्हणाली, की तिचे घर येथे खालीच होते. हा काठ बांधण्याचे काम २००५ साली सुरू झाले आणि खालची वाट २०१२ साली लोकांसाठी खुली झाली. त्यासाठी काठावरच्या वस्त्यांतील दहा हजारांहून अधिक कुटुंबांना हलवावे लागले. तिला शहराच्या कडेला पक्के घर मिळाले. आता पुराची भीती नाही, हे तिने स्वतःच सांगितले. पण काम, बाजार, ओळखीची माणसे, सारे येथेच राहिले. “वाट छान झाली आहे,” ती हिंदीत म्हणाली, “तुम्ही चाला. मला मात्र इथवर यायला दोन बसगाड्या बदलाव्या लागतात.”

तिच्या स्वरात कडवटपणा नव्हता. म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले. एक तासापूर्वी मी ज्या वाटेसाठी आभार मानले होते, तिची किंमत देणाऱ्यांपैकी एक माझ्यासमोर बसली होती. आणि तिनेच आम्हांला पाणी पाजले होते.

सोपी वाट पाप नव्हे. यशयाच्या भविष्यवाणीत परमेश्वराचा राजमार्ग सिद्ध करताना दरी उंचावली जाते आणि खडबडीत भूमी सपाट होते. लंगड्याने, थकलेल्याने चालावे, ही देवाचीच इच्छा आहे. पाप आहे ते ही वाट फुकट मिळाली असे समजण्यात. रुंद मार्गाचा नाश बहुधा येथेच आहे : त्यावर चालणाऱ्याला कोणाची आठवण ठेवावी लागत नाही.

इब्री लोकांस पत्र लिहिणारा सांगतो, की प्रभु येशूने आपल्यासाठी एक नवा व जिवंत मार्ग खुला केला. तेथील ग्रीक क्रियापदात उद्घाटनाचा अर्थ आहे. मनुष्यांनी बांधलेल्या मार्गाच्या उद्घाटनाला फीत कापतात. या मार्गाच्या उद्घाटनाला ख्रिस्ताचा देह फाडला गेला. आज कोणीही पापी मनुष्य आसवे पुसून, गुडघे टेकून, एका शब्दात पित्याजवळ पोहोचतो. याहून सोपी वाट जगात नाही. आणि याहून महाग वाटही नाही. आपल्याला ती सोपी, कारण त्याला ती दाटलेली, क्लेशाची झाली.

तर मग आपण काय करावे? त्याच पत्रात लगेच पुढे एकमेकांची काळजी वाहण्याची व सत्कर्मांस उत्तेजन देण्याची आज्ञा आहे. ज्याला वाट मिळाली, त्याने दुसऱ्यासाठी वाट सपाट करावी. आपल्या मंदिराच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून कोणी वृद्ध घरी राहिला आहे काय? आपल्या सोयीसाठी कोणाला गावकुसाबाहेर, मंडळीबाहेर, मनाबाहेर हलवावे लागले आहे काय? त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

लाजेची गोष्ट सांगतो. ज्या स्त्रीने आम्हांला पाणी दिले, तिचे नाव विचारायचे मी विसरलो. पत्नी विसरली नव्हती. त्या दिवसापासून आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत ते नाव आहे.

प्रार्थना : हे प्रभु, तू आमच्यासाठी वाट झालास. तिचे मोल आम्हांला विसरू देऊ नकोस. ज्यांच्या श्रमाने व ज्यांच्या हानीने आमचे पाऊल सुखाने पडते, त्यांच्याकडे आमचे डोळे वळव. आणि आमच्या हातांनी कोणाची तरी वाट आज सपाट होऊ दे. आमेन.